कारणाचा रकाना

तूर शेंगेला आली की जिंतूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावांत रात्रीची झोप मोडते. येलदरीच्या बाजूला माळरान आणि जंगलाचे तुकडे शेतांना लागून आहेत. तिथली माणसे अंधार पडला की जागलीला निघतात. एका हातात बॅटरी, खिशात फटाके, कुणाकडे बडवायला पत्र्याचा डबा. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे शेत उकरून ठेवतो आणि रोही आले तर हरभऱ्याचे शेंडे उरत नाहीत. जुने लोक गोफण वापरत, आता बांधाभोवती साड्या बांधतात आणि झटका मशिनची तार ओढतात. काही जण थेट विजेचा करंट सोडतात. त्या तारेला चिकटून शेजारचाच माणूस गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात दर वर्षी येतात. अशा गावांतून अधूनमधून जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज जातो : पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळावा.

त्या अर्जात नाव, वय, पत्ता, गुन्हे, प्रकृती यांच्या जोडीला आणखी एक रकाना असतो. शस्त्र कशासाठी हवे आहे? भारतातला बंदुकीचा सगळा कायदा या रकान्यावर उभा आहे. अमेरिकेतल्या दुकानात बंदूक घेताना जो फॉर्म भरावा लागतो त्यात हा रकानाच नसतो. दोन देशांतला फरक सांगताना आपण आकड्यांपासून सुरुवात करतो, पण मला तो या एका रकान्यापासून पाहावासा वाटतो. तो रकाना असणे ही आपली कमाई आहे असे मी मानतो. आणि तो खोटा भरला जातो, खोटा वाचला जातो, तेव्हा ती कमाई कशी हातची जाते हे आपल्याला सोनपेठ-गंगाखेडच्या पलीकडे, शेजारच्या बीडमध्येच पाहायला मिळाले आहे.

माझा पुतण्या सात वर्षांपासून टेक्सासमध्ये आहे. परभणीत शिकला, आता डॅलसजवळ सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तिकडे गोळीबाराची बातमी आली की त्याची आई आधी टीव्हीचा आवाज वाढवते आणि मग गावाचे नाव नीट ऐकते. एकदा मी त्याला फोनवर सरळ विचारले, तुमच्याकडे खरेच कुणीही बंदूक घेतो का? तो म्हणाला, ‘काका, घ्यायची म्हणली तर लई अवघड नाही बघा. दुकानात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा. पण मला देत नाहीत. माझा व्हिसा कामाचा हाय ना.’ हे मला ठाऊक नव्हते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट आहे, असे काही मोजके अपवाद सोडले तर नियम तोच. ग्रीन कार्ड मिळाले की मात्र दार उघडते. म्हणजे तिथे प्रश्न ‘तू कोण आहेस’ इतकाच आहे. गुन्हेगार आहेस का, अमली पदार्थ घेतोस का, न्यायालयाने मनोरुग्ण ठरवले आहे का, घरगुती हिंसाचारात शिक्षा झाली आहे का, असे फॉर्ममध्ये विचारतात. संगणकावरची तपासणी पुष्कळदा काही मिनिटांत होते. बंदूक कशाला हवी, असे कुणीच विचारत नाही.

विचारत नाही, कारण तिथे ती हक्काची वस्तू आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ ची. नागरी सेनादलाचा उल्लेख करून ती लोकांचा शस्त्रे बाळगण्याचा हक्क अबाधित ठेवते. हा हक्क त्या सेनादलापुरता की प्रत्येक माणसाचा, हा वाद दोनशे वर्षे रेंगाळला. २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैयक्तिक हक्क ठरवला, २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू केला. २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालात न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षांचा जुना नियम रद्द झाला. तो नियम काय होता? घराबाहेर पिस्तूल बाळगायचे असेल तर अर्जदाराने सबळ कारण दाखवावे. म्हणजे आपलाच रकाना. न्यायालयाचे म्हणणे असे, की घटनेने दिलेला दुसरा कोणता हक्क वापरण्यासाठी नागरिकाला सरकारी अधिकाऱ्यापुढे गरज सिद्ध करावी लागते? टेक्सासने तर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल सोबत ठेवायची मुभा दिली आहे.

या मोकळिकीचे परिणाम आकड्यांत दिसतात. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेने २०१८ मध्ये अंदाज दिला, की अमेरिकेत शंभर माणसांमागे नागरिकांच्या हाती १२० बंदुका आहेत. माणसांपेक्षा बंदुका जास्त असलेला जगातला तो एकच देश. भारताचा आकडा बेकायदा शस्त्रे धरूनही शंभरामागे पाचच्या आसपास आहे. २०२३ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४६ हजार ७०० हून अधिक माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. या शेवटच्या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण परभणीच्या माणसाला ते सर्वांत जवळून कळावे असे आहे.

बाहेरच्या देशांना अमेरिकेची ही ओढ कशी दिसते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला जपानचे वाटते. ऑक्टोबर १९९२ मध्ये योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घरापाशी गेला. घरमालकाने त्याला ‘थांब’ म्हणून बजावले. मुलाला ते समजले नाही आणि मालकाने गोळी झाडली. फौजदारी खटल्यात ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडले. जपानला त्या मृत्यूइतकाच त्या निकालाने धक्का बसला. मुलाच्या आईवडिलांनी अमेरिकेतल्या घराघरांतून बंदुका काढाव्यात म्हणून लाखो सह्यांचे निवेदन तयार केले आणि ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यापर्यंत नेले. २०१९ मध्ये एल पासो आणि डेटनच्या गोळीबारांनंतर डेट्रॉइटमधल्या जपानी वकिलातीने आपल्या नागरिकांना सांगितले, की तुम्ही ज्या समाजात राहता तो बंदुकीचा समाज आहे, हे ध्यानात ठेवा. पाहुण्या घराविषयी इतके उघड बोलायची वेळ एका मित्रदेशावर यावी, हे साधे नाही.

ऑस्ट्रेलियाने दुसरे टोक दाखवले. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे ३५ माणसे मारली गेली. तिथल्या सरकारने काही महिन्यांत कायदा बदलला, अर्धस्वयंचलित रायफली बंद केल्या आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. ब्रिटनने त्याच वर्षी डनब्लेनच्या शाळेतली सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका गमावली आणि पुढच्या वर्षी खासगी पिस्तुलांवर बंदी आणली. न्यूझीलंडने २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या गोळीबारानंतर काही आठवड्यांत पाऊल उचलले. म्हणून अमेरिकेत २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत वीस चिमुकली आणि २०२२ मध्ये उवाल्डीत एकोणीस मुले गेली, तेव्हा जगाने पुन्हा तेच विचारले : आता तरी? उवाल्डीनंतर अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केलाही, पण तो जगाच्या अपेक्षेपेक्षा फारच छोटा होता.

भारतीयांच्या मनात वेगळी नावे आहेत. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले, त्यांत भारतीय वंशाचे एक प्राध्यापक होते आणि शिकायला गेलेली मुंबईची एक मुलगी होती. २०१२ मध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका वर्णद्वेष्ट्याने भाविकांवर गोळ्या झाडल्या. शेजारच्या नांदेडात हजूर साहिबला जाणाऱ्या परभणीकरांना ती बातमी परकी वाटली नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथा गावी श्रीनिवास कुचीभोटला या हैदराबादच्या अभियंत्याला ‘आमच्या देशातून चालते व्हा’ असे ओरडणाऱ्या माणसाने मारले. मराठवाड्यातून अमेरिकेला गेलेल्या कितीतरी मुलांच्या आईबापांनी त्या आठवड्यात पोरांना फोन करून सांगितले, बाहेर मराठी बोलू नका. पुतण्याचा मुलगा पहिलीत आहे. त्याच्या शाळेत वर्षातून काही वेळा सराव होतो. दिवे बंद करून, दाराला कडी घालून, मुलांनी भिंतीच्या कोपऱ्यात आवाज न करता बसायचे. आपल्याकडच्या शाळेत भूकंपाचा किंवा आगीचा सराव होतो तसा तिकडे माणूस येण्याचा होतो. पुतण्याने हे सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला ऐकू आली असती तर बरे वाटले असते.

तरीही अमेरिकन माणसाला वेडा ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. मोंटानाच्या किंवा पश्चिम टेक्सासच्या माळावर राहणाऱ्याला पोलीस यायला तास लागतो. हरणाची शिकार हा तिथे वर्षाच्या मांसाचा भाग असतो. बापाने लेकाला बंदूक हाताळायला शिकवणे म्हणजे आपल्याकडे बैल जुंपायला शिकवण्यासारखे. ज्यांच्या आजोबांना झुंडींनी मारले, अशा काळ्या अमेरिकनांच्या घरांतही बंदूक आहे, आणि तिच्यामागे भीतीचा खरा इतिहास आहे. आणि सरकारवरचा अविश्वास हा त्या देशाच्या जन्माशी जोडलेला आहे. आपल्याला ही भावना अपरिचित नाही. आपणही एकेकाळी हाच हक्क मागितला होता.

ते आता आपण विसरलो आहोत. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातून शस्त्रे काढून घ्यायला सुरुवात केली आणि लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना सूट होती. काँग्रेसच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव झाले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी काढलेल्या पत्रकात, एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणे हे ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांपैकी सर्वांत काळे मानले जाईल, अशा आशयाचे लिहिले. अमेरिकेतले बंदूकवादी आजही ते वाक्य गांधीजींच्या फोटोखाली छापतात, मात्र ते भरतीच्या पत्रकातले होते हे सांगत नाहीत. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता, नियमांच्या अधीन राहून.

मग घटना लिहायची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत उपसूचना मांडली, की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. कराचीच्या ठरावाची त्यांनी आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. ती मागणी परकीय सत्तेच्या भेदभावाविरुद्ध होती, आता परिस्थिती वेगळी आहे, असे त्यांनी म्हटले. हा हक्क सरसकट दिला तर तो ठग, दरोडेखोर आणि सराईत गुन्हेगारांनाही मिळेल. आपण आग्रह धरायचा तो शस्त्राच्या हक्काचा नव्हे, देशासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. उपसूचना नामंजूर झाली. राज्यघटनेत उरले ते उलट बाजूने : शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. शिखांच्या कृपाणाला धर्मस्वातंत्र्याच्या कलमात जागा मिळाली. नांदेडला होल्याच्या दिवसांत शस्त्रे घेऊन निघालेला जथा पाहताना ते कलम डोळ्यांपुढे येते.

ही चर्चा झाली तेव्हा मराठवाडा स्वतंत्र होऊन अडीच महिने झाले होते, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. दिल्लीत जो प्रश्न चर्चेचा होता तो आमच्या भागात नुकताच रक्ताने भोगून झाला होता. परभणी तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. कासीम रझवीच्या सशस्त्र रझाकार टोळ्यांनी गावे लुटली, माणसे वऱ्हाडात पळाली. हद्दीपलीकडच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते शस्त्रे घेऊन लढले. त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातल्या, आज हिंगोलीत असलेल्या वसमत भागातले बहिर्जी शिंदे याच लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे. दुसऱ्या बाजूला सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी निजामाला शस्त्रे पुरवत होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर मोठा अत्याचार झाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची नोंद केली आणि त्या अहवालात एक गोष्ट अशी आहे, की पुष्कळ ठिकाणी मुसलमानांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि हिंदूंची राहू दिली गेली. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला होता. मराठवाड्यातली बंदुकीची चर्चा कुणी करणार असेल तर त्याला या दोन्ही आठवणी सोबत घ्याव्या लागतील. नि:शस्त्र गावावर सशस्त्र टोळी चालून येते तेव्हा काय होते ते आम्ही पाहिले, आणि शस्त्र कुणाकडे ठेवायचे हे ठरवणारा हात पक्षपाती झाला की काय होते तेही पाहिले.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याची रचना अशी : परवान्याशिवाय बंदूक नाही, परवाना द्यायचा अधिकार बहुतेक ठिकाणी जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्याला, पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्ताला. वय २१ पूर्ण हवे. लष्करी जातीच्या बंदुका सामान्य माणसाला बंद. उरतात त्या बारा बोअरची दुनळी, .३१५ ची रायफल, .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि अशी काही. पोलिसांचा अहवाल लागतो, आणि २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही आवश्यक केला. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला स्वतंत्र क्रमांक असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली, आणि लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली. निवडणूक लागली की आचारसंहितेत परवानाधारकांची छाननी होते आणि अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. अमेरिकन माणसाला हे सांगून पाहावे. मतदानाच्या आधी सरकार तुमच्या बंदुका गोळा करते, हे ऐकून त्याच्या कपाळावर आठी पडेल. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही.

याच कायद्यात शेतकऱ्यासाठी एक तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याच्या बाबतीत कायदा अधिकाऱ्याला ‘परवाना देऊ शकेल’ असे म्हणत नाही, ‘देईल’ असे म्हणतो. नकाराची जी कारणे कायद्यात आहेत तेवढी सोडून. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असे वाटले तर दुसरी छर्ऱ्याची बंदूकही मंजूर करता येते. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, या तरतुदीखाली परवाने घेणाऱ्यांची परंपरा आहे. कर्नाटकातल्या कोडगूत तर कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातूनच सूट आहे. तिथे बंदुकीची पूजा होते आणि तरी तो जिल्हा रक्तपातासाठी प्रसिद्ध नाही. मराठवाड्यात मात्र हा मार्ग जवळजवळ बुजलेला. पाडायचे कुणाला, हा प्रश्नही आहेच. महाराष्ट्रात पीक खाणारे रानडुक्कर आणि रोही वनखात्याच्या परवानगीने मारता येतात, पण काळविटाला संरक्षण आहे आणि आमच्या शिवारांत तेही कळपाने येते. अंधारात छर्रे झाडणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसेलच असे नाही. त्यामुळे मी सरसकट परवान्यांच्या बाजूचा नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्याचे कारण कायद्याने नाव घेऊन मानले आहे त्याच्या हाती आज फटाका आहे.

मग परवाने आहेत कुणाकडे?

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि सारा महाराष्ट्र बीडकडे पाहू लागला. त्या दिवसांत सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी परवान्यांचे आकडे लोकांपुढे ठेवले. बीडमध्ये १२२२, अमरावती ग्रामीणमध्ये २४३ आणि परभणीत ३२. बीडमधले हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे, कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे व्हिडिओ त्याच आठवड्यांत घरोघरी पोहोचले. गुन्हे नोंदले गेले, प्रशासनाने फेरतपासणी केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ते रद्द होऊ शकले, म्हणजे ते आधीच नाकारता आले असते.

परभणी आणि बीड हे शेजारी. हद्दीवर काही अंतर गोदावरी. गंगाखेडहून रेल्वेत बसलेला माणूस डबा उघडून जेवेपर्यंत परळी येते. कापूस तोच, सोयाबीन तेच, दुष्काळ तोच, नातीगोतीही नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली. कायदा तर अक्षरशः एकच. तरी एका जिल्ह्यात बत्तीस आणि दुसऱ्यात हजाराच्या वर. रकान्यात दोन्हीकडे ‘स्वसंरक्षण’ लिहिले जाते. पण बीडमध्ये त्या शब्दाचा अर्थ वाळू, वीजकेंद्राची राख, ठेकेदारी आणि गावोगावचे राजकारण यांत मिळणारे वजन असा झाला, असे तिथले लोकच सांगत होते. अर्ज करणाऱ्याला कुणापासून धोका होता, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच त्याच्यापासून कुणाला धोका होता हा आहे. पोलीस अहवालात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. सरपंचाचा जीव बंदुकीने गेला नाही, त्यांना अमानुष मारहाण करून मारले गेले, हेही विसरू नये. बंदुकीने तिथे दुसरे काम केले होते. तिने आधीच्या कित्येक वर्षांत लोकांची तोंडे बंद ठेवली होती.

इथे मला न्यूयॉर्क आठवते. ‘सबळ कारण’ मागणाऱ्या त्या जुन्या नियमाखाली परवाने मिळत ते मोठ्यांना, पोहोच असलेल्यांना, अशी तक्रार तिथे फार जुनी होती. गेल्या दशकात न्यूयॉर्क पोलिसांच्या परवाना विभागातल्या अधिकाऱ्यांवर लाचखोरीचे खटलेही झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या रोगावर औषध म्हणून रकानाच काढून टाकला. मला ते औषध चुकीचे वाटते. पण रोग खरा होता, आणि तो आपल्याकडेही आहे. बंदूकवादी अमेरिकन जेव्हा म्हणतो, की परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवला की तो वजनदारांना मिळतो आणि गरिबाला मिळत नाही, तेव्हा बीडचा आकडा त्याच्या बाजूने साक्ष देतो आणि जिंतूरचा शेतकरीही. त्याला उत्तर द्यायचे असेल तर आपल्याला आपली मर्जी दुरुस्त करावी लागेल.

परवान्याच्या बंदुकीने होणारे गुन्हेही आहेतच. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना मारणाऱ्याने स्वतःच्या अंगरक्षकाचे परवान्याचे पिस्तूल वापरले. तरी आपल्याकडे बंदुकीने होणाऱ्या खुनांत परवान्याच्या शस्त्राचा वाटा थोडा असतो. बाकी काम गावठी कट्टा करतो. नरेंद्र दाभोलकर २०१३ मध्ये पुण्यात आणि गोविंद पानसरे २०१५ मध्ये कोल्हापुरात मारले गेले ते अशाच बेकायदा पिस्तुलांनी. मध्य प्रदेशच्या हद्दीवरचे उमर्टी हे गाव महाराष्ट्राच्या पोलीस डायऱ्यांत वारंवार येते. तिथली शस्त्रे चोपड्यावरून खाली उतरतात आणि पुण्यापर्यंत पोहोचतात. कट्टा विकणारा रकाना विचारत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या दुकानाची मोकळीक आपल्याकडे चोरवाटेने आलेलीच आहे, फक्त ती महाग आणि धोक्याची आहे म्हणून मर्यादित राहिली. मराठवाड्यात पोरांच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा आणि मोबाइलवर स्टेटस ठेवायचा ही लाट आली, त्यावर शस्त्र अधिनियमाच्या कलम ४/२५ खाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या नेहमी येतात. बंदूक न मिळालेला मुलगा तलवारीवर भागवतो. दसऱ्याला बापजाद्यांनी नांगर-विळ्यासोबत शस्त्र पुजले, त्या पूजेत ते म्यानात असे. ही हौस अमेरिकेतून आलेली नाही. ती इथलीच आहे, आणि म्हणून तिच्याविषयी बोलण्याची जबाबदारीही इथल्यांचीच आहे.

आता आत्महत्यांकडे परत येतो. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसे स्वतःच्या हाताने मरतात, ही गोष्ट बाहेरच्या जगाला फारशी माहीत नसते. टीव्हीवर शाळा दिसते, शयनखोली दिसत नाही. तिथल्या संशोधकांनी वर्षानुवर्षे दाखवले आहे, की मरणाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर माणूस वाचतो की जातो हे ठरते. बंदूक हाताशी असेल तर दहांतले जवळजवळ नऊ जातात. हे वाचले तेव्हा मला मराठवाड्याच्या घरांतला फवारणीच्या औषधाचा डबा दिसला. तो गोठ्यात असतो, माळ्यावर असतो, कधी पलंगाखाली असतो. नापिकी, सावकार, लग्नाचे कर्ज ही कारणे खरी आणि मोठी आहेत, आणि ती दूर करण्यासाठीचा लढा थांबता कामा नये. पण त्या एका रात्री हाताशी डबा होता, हेही कारण आहे. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून सर्वांत जहाल कीटकनाशके एकेक करून बंद केली आणि तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या वीस वर्षांत दोनतृतीयांशाहून अधिक घटले. शेतीचे उत्पादन त्यापायी बुडाले नाही. अमेरिकन माणसाला आपण विचारतो, मरणाचे साधन उशाशी ठेवून कसे झोपता? तो प्रश्न आपल्या घरात वळवून विचारला तर आपल्या तालुक्यांत माणसे वाचतील. एवढ्यासाठी तरी अमेरिकेचा अभ्यास आपण केला पाहिजे.

परवान्याच्या बाबतीत मला हवे आहे ते फार मोठे नाही. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाने वर्षातून एकदा जाहीर करावे : किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, किती रद्द झाले, आणि रकान्यात कोणते कारण होते. परवानाधारकांची नावे नकोत, ती उघड करणे धोक्याचे आहे. तालुका आणि कारण पुरे. आज हे आकडे बाहेर यायला एखादा खून व्हावा लागतो किंवा एखाद्या कार्यकर्त्याला माहिती अधिकारात झगडावे लागते. बीडचे परवाने हजारावर जात होते तेव्हा ते दर वर्षी फलकावर लागले असते, तर मस्साजोगच्या कितीतरी आधी कुणीतरी विचारले असते, की या जिल्ह्यात एवढा धोका कुणाला आहे. नूतनीकरणाच्या वेळीही रकाना नव्याने वाचावा. दहा वर्षांपूर्वीचा धोका आज आहे का, अर्जदारावर दरम्यान गुन्हे दाखल झाले का, बंदूक त्याच्या कमरेला असते की कपाटात, हे गावाच्या पोलीस पाटलाला माहीत असते. त्याला विचारावे.

आणि पीक राखणीच्या अर्जांना उत्तर द्यावे. पोलिसांच्या अहवालाला आणि अधिकाऱ्याच्या निर्णयाला नियमांनी मुदत घातलेली आहे. नकार द्यायचा तर तो कारणांसह लेखी द्यावा, म्हणजे त्यावर अपील करता येते. वनखात्याने आणि महसूल खात्याने मिळून त्या शिवारात एकदा रात्री जावे, डुकरे किती, काळवीट किती, वस्ती किती जवळ, हे पाहावे. बंदूक द्यायची नसेल तर कुंपणाचे पैसे द्यावेत आणि नुकसानीचा पंचनामा वेळेवर करावा. हो म्हणा, नाही म्हणा, पण तूर शेंगेला येण्याआधी म्हणा.